वास कां येईनासा होतो?

दूध करपल्याचा वास आजीस आला नाहीं, कीं आम्हांस हसूं येतें. पण ती हसण्याजोगी गोष्ट नव्हे. नाकाच्या वरच्या भागीं गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचे तंतू चाळणीसारख्या हाडांतून मेंदूकडे जातात. पडशानें वा नाकांतील मांसवृद्धीनें वाट बुजली, तर गंध पेशींपर्यंत पोहोंचत नाहीं. डोक्यास मार बसल्यास तंतू तुटूं शकतात. २०२० सालीं कोविडच्या साथींत नाक मोकळें असूनही अनेकांस वास येईनासा झाला. विषाणूनें गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींस इजा केली होती. वार्धक्यानें व कंपवातानेंही ही शक्ति मंदावते. गंधपेशी पुन्हां उपजतात, म्हणून पुष्कळांस वास परत येऊं लागतो. तोंवर शेगडीचा गॅस गळला तरी आजीस कळणार नाहीं. म्हणून आम्हीं हसण्याऐवजीं तिला डॉक्टरांकडे न्यावें.