एकाकी राजवट शेजाऱ्यांना का धमकावते? निजामी हैदराबादच्या अखेरच्या वर्षाचा धडा

रायपूर, १६ सप्टेंबर : मित्रराष्ट्रांचा भक्कम आधार नसताना आणि लष्करी बळ तोकडे असताना एखादी राजवट शेजाऱ्यांना युद्धाची धमकी का देते, हा प्रश्न उत्तर कोरियाच्या निमित्ताने वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर भारताच्याच इतिहासात सापडते. उद्या, १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. ज्या निजामी राजवटीचा त्या दिवशी १९४८ मध्ये शेवट झाला, तिच्या धमक्यांची झळ मराठवाड्याबरोबरच वऱ्हाड आणि बस्तरच्या सीमेलाही जाणवत होती.

तेव्हा छत्तीसगढ हा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाग होता आणि रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल नागपुरात प्रांताचे पंतप्रधान होते. वऱ्हाडवर निजामाचे नाममात्र स्वामित्व होते. त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता. बस्तरच्या लोहखनिजावरही हैदराबादचा डोळा होता. १५ डिसेंबर १९४७ रोजी सरदार पटेल यांनी नागपुरात छत्तीसगढच्या संस्थानिकांशी चर्चा केली आणि १ जानेवारी १९४८ रोजी बस्तरसह ही संस्थाने मध्य प्रांतात विलीन झाली. हैदराबाद चारही बाजूंनी भारताने वेढले गेले. त्याला स्वतःचे बंदर नव्हते.

अशा स्थितीतही कासिम रझवी दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकविण्याची भाषा करीत होता. या वल्गनांमागे तीन हेतू दिसतात.

पहिला हेतू वेळ मिळविण्याचा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्या मुदतीत सिडने कॉटन या वैमानिकाच्या विमानांतून कराचीमार्गे शस्त्रे आणण्यात आली. ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रारही करण्यात आली. युद्धाची भीती दाखविल्यास भारत कचरेल आणि तोवर बाहेरून मदत येईल, हा हिशेब होता.

दुसरा हेतू सत्ता टिकविण्याचा. संस्थानातील सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू होती आणि सत्ता एका लहान वर्गाच्या हाती होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू होता. तेलंगणात शेतकऱ्यांनी सशस्त्र उठाव केला होता. बाहेरचा शत्रू उभा केला की आतील विरोधकाला देशद्रोही ठरविणे सोपे जाते.

तिसरा हेतू अधिक घातक होता. ज्यांची सत्ताच संघर्षावर उभी राहते, त्यांना तडजोड नको असते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी रझाकारांच्या जमावाने वाटाघाटींसाठी दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे वेढली. पंतप्रधान छत्तारीचे नवाब पदावरून दूर झाले. विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. त्यानंतर निजामाला वस्तुस्थिती सांगण्याचे धाडस कोण करणार?

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्याने कारवाई सुरू केली. ज्यांच्या मदतीची आशा होती, त्यांच्यापैकी कोणीही धावून आले नाही. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली.

किंमत मात्र सामान्यांनी मोजली. आधी रझाकारांच्या अत्याचारांत हिंदू गावे होरपळली. कारवाईनंतरच्या सूडात अनेक निरपराध मुस्लिमांचे बळी गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे.

म्हणूनच एकाकी राजवटीची धमकी ऐकताना केवळ तिची शस्त्रे मोजून भागत नाही. तिला आपल्याच प्रजेची किती धास्ती आहे आणि राज्यकर्त्याला खरे सांगणारे कोणी उरले आहे का, हेही पाहावे लागते. हैदराबादेत असे आवाज दडपले गेले, तेव्हाच शांततेने तोडगा निघण्याची वाट बंद झाली.