चौदसीची डाळढोकळी

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणे हा आपल्या घरांचा नियम. त्यामुळे जैन स्वयंपाकघरातील खरी लगबग संध्याकाळी पाचलाच सुरू होते. त्यातच सकाळचे उरलेले अन्न उद्यावर ढकलता येत नाही, कारण रात्र उलटलेले आपल्याला वर्ज्य. या दोन नियमांच्या मधोमध आमच्या घरी एक पदार्थ स्थिरावला, तो म्हणजे डाळढोकळी. शेजारणी त्यालाच वरणफळे किंवा चकोल्या म्हणतात.

सासूबाई नगर जिल्ह्यातील एका बाजारगावी सून म्हणून आल्या आणि थोड्याच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. सासऱ्यांचे कापडाचे दुकान होते आणि गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतील शेतकरी. पीकच नाही, तेथे कापड कोण घेणार? वहीत ज्यांच्या नावे उधारी होती, ते दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. त्यांच्या मुलांना सुकडी मिळे आणि घरात मिलोची भाकरी शिजे. सासऱ्यांनी त्या वर्षी वसुलीसाठी एकाच्याही दारी माणूस पाठवला नाही. घाऊक व्यापाऱ्यांची देणी मात्र वेळेवर चुकती केली. मधली तूट घराने सोसायची, असे उभयतांनी ठरवले.

घरात खाणारी माणसे नऊ होती. संध्याकाळची पोळी, भाजी, भात बंद झाला. सकाळच्या वरणात पाणी वाढवून त्यात कणकेचे तुकडे शिजू लागले. एकाच पातेल्यात सर्वांचे जेवण होई, सरपणही वाचे. मुलांना टंचाई जाणवू नये म्हणून सासूबाईंनी लाटलेली पोळी कापण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. कोणी शंकरपाळे कापी, कोणी चांदणी. आपली चांदणी कोणाच्या ताटात गेली, यावरून पंगतीत हशा पिके. आपण गरिबीचे जेवण जेवतो आहोत, हे त्या मुलांना वर्षभर कळलेच नाही.

१९७३ साली पाऊस झाला. हळूहळू बहुतेकांनी उधारी फेडली. काहींची कधीच आली नाही आणि तिच्याविषयी घरात शब्दही निघाला नाही. चांगले दिवस आले, तरी मुले ढोकळीच मागत. तेव्हा सासूबाईंनी तिला चतुर्दशीची संध्याकाळ नेमून दिली. तिथीला हिरवी भाजी नसतेच. त्या वेळी वाचलेले पैसे डब्यात टाकायचे आणि वर्षअखेरीस पांजरपोळाला द्यायचे, हा नियमही त्यांचाच.

कृती अशी : चौघांसाठी एक वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवावी व घोटून पाच-सहा वाट्या गाळलेले पाणी घालावे. दीड वाटी कणकेत दोन चमचे बेसन, ओवा, तिखट, हळद, मीठ व तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावी. तेलात मोहरी, जिरे, हिंग, सुकी लाल मिरची व मूठभर शेंगदाणे यांची फोडणी करून डाळ ओतावी. चार आमसुले, गुळाचा खडा, चिमूटभर सुंठ व मीठ घालावे. डाळ खळखळून उकळल्यावरच तुकडे एकेक करून सोडावेत, एरवी त्यांचा गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत ते शिजतात. वरून तूप घ्यावे. द्विदलाचा दोष लागतो म्हणून सोबत कच्चे दही-ताक नको.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी चौदसीला माझ्या माहेरची माणसे आली. त्यांच्यापुढे ढोकळी ठेवण्याची मला लाज वाटली आणि मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा सासूबाईंनी प्रथमच मला दुष्काळाची हकीकत सांगितली. शेवटी एवढेच म्हणाल्या, "या ढोकळीने आपल्या दुकानाची पत राखली आहे, बेटा. पाहुण्यांना याहून मोठे काय वाढणार?"

शास्त्रात बाह्य तपाच्या सहा प्रकारांत उणोदरी सांगितली आहे, भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे. काटकसर आणि कंजूषपणा यांतील अंतर मला तिथेच दिसते. कंजूष दुसऱ्याच्या ताटातले कमी करतो, काटकसरी आपल्या.

आज आमच्या घरी कापणी नातवंडे करतात. जेवण झाले की ताट धुऊन ते पाणी पितात आणि धाकटी डब्यात नाणे टाकते. दुष्काळाची गोष्ट आम्ही आता त्यांच्यापासून लपवीत नाही.