दिवाळीच्या शुभेच्छा आणि बंद पडलेलं खातं

समजा, दिवाळीच्या सकाळी तुम्ही एकच शुभेच्छा दीडशे जणांना धडाधड पाठवलीत, आणि थोड्या वेळाने व्हॉट्सअ‍ॅपवर उलटी मोजणी दिसू लागली: खातं तात्पुरतं बंद. तुम्ही तर फक्त 'शुभ दीपावली' म्हणाला होतात!

पण ते कोणी वाचलेलंच नसतं. निरोप कूटबद्ध असतात. तक्रारीसोबत पोचलेले सोडले तर कंपनीलाही ते उघडता येत नाहीत. यंत्रणा बघते ती तुमची वागणूक: किती वेगाने पाठवलंत, किती अनोळखी नंबरांना, किती जणांनी ब्लॉक केलं. २०१९ मध्ये कंपनीने सांगितलं होतं की महिन्याला २० लाखांहून जास्त खाती बंद होतात, त्यातली ७५ टक्क्यांहून जास्त कोणाच्याही ताज्या तक्रारीशिवाय. अशा चाळणीत फॉल्स पॉझिटिव्ह येणारच. कोविडच्या चाचण्यांत आपण ते पाहिलंय.

मग करायचं काय? मोजणी संपेपर्यंत थांबायचं. बंदी नंबरावर असते, फोनवर नाही. त्यामुळे नवा फोन घेऊन उपयोग नाही. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखं अनधिकृत अ‍ॅप वापरत असाल तर मात्र ते आधी काढा, नाहीतर बंदी कायमची होऊ शकते.

तोवर आईबाबांना साधा फोन लावा. दर महाग वाटला तरी लावा. तुमचा निरोप आला नाही की तिकडे जीव टांगणीला लागतो.

पुढच्या वेळी ब्रॉडकास्ट यादी करा. तीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. मावशीकडे अजून तुमचा जुना भारतातलाच नंबर नाही ना, तेवढं विचारून घ्या.