मोर आणि तणमोर : नाव जुळते, कूळ नाही

वाशीम-अकोल्याच्या माळरानावर पावसाळ्यात दोन पक्षी नाचतात. मोर सर्वांच्या ओळखीचा. तणमोर मात्र फार थोड्यांनी पाहिलेला. नावावरून आम्ही त्यांना भाऊबंद समजतो. पण मोर कोंबडी-तितराच्या कुळातला, तर तणमोर माळढोकाच्या.

मोर पिसारा फुलवून लांडोरीचे लक्ष वेधतो. तणमोर गवतात झाकला जातो. म्हणून मादीला दिसण्यासाठी नर दिवसभरात शेकडो उंच उड्या घेतो.

दोघेही अंडी जमिनीवरच घालतात. पण मोर रात्री झाडावर बसतो. तणमोराच्या पायाला मागचे बोटच नसते, त्यामुळे त्याला फांदी धरता येत नाही. गवत हेच त्याचे घर.

मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला. माळराने नांगराखाली गेली आणि २०२१ साली तणमोराची नोंद अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. या भागातील काही फासेपारधी बांधव शिकार सोडून त्याच्या रक्षणाला लागले आहेत.

वाचकहो, गवत कापताना वा निंदताना अंडी दिसली तर हात लावू नका. तेवढा तुकडा तसाच राखा, कुत्री दूर ठेवा आणि वनखात्याला कळवा.