गणिताचें चौथें वर्ष

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वयें पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा ठरला, व महाराष्ट्रांत तो स्वायत्त महाविद्यालयांतून २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतून २०२४-२५ पासून सुरू झाला. तीन वर्षें पुरीं करून पदवी घ्यावी व बाहेर पडावें, किंवा आणखी एक वर्ष राहून ऑनर्स मिळवावें, अशा दोन वाटा विद्यार्थ्यापुढें आहेत. इतर विषयांचा विचार त्या त्या विषयांतील जाणत्यांनीं करावा. गणिताच्या ऑनर्स वर्षासंबंधानें मात्र आमच्या व्यापारी वाचकांच्या घरांतून एकच प्रश्न पुनःपुन्हा ऐकूं येतो: ‘मुलगा गणितांत हुशार आहे, कबूल, पण पदवी हातीं असतां आणखी एक वर्ष कशाला? तेवढ्यांत तो नोकरी धरील, निदान दुकानाचें जीएसटीचें काम तरी सांभाळील.’

प्रश्न हिशेबी माणसाचा आहे, तेव्हां प्रथम हिशेबच पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात व चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. तीन वर्षांनीं बाहेर पडलेल्यास एम. एस्सी.ला दोन वर्षें द्यावीं लागतात. चौथें वर्ष केलेल्यास एकच. तीन अधिक दोन काय, किंवा चार अधिक एक काय, बेरीज पांचच! ज्याला पुढें शिकावयाचेंच आहे त्याचें वर्ष बुडत नाहीं. शिवाय पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ गुण असल्यास संशोधनासह ऑनर्स घेतां येतें, आणि चार वर्षांच्या पदवीस तितके गुण पडले तर पीएच. डी.चें दारही एम. एस्सी.वांचून उघडतें. पुढें शिकावयाचेंच नसेल त्याला हें वर्ष खर्चाचें आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. तो खर्च कशासाठीं, एवढेंच पाहावयाचें.

देवळालीच्या शाळेंतील एक शिक्षक, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, यांचें नांव आज जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक आहे. वाचकांनीं वहीच्या कोपऱ्यावर करून पाहावें: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक एक नसावेत. ३५२४ घेऊं. अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ५४३२ उणे २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेंच: ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदां: ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. यापुढें कितीही केलें तरी ६१७४ च येणार, आणि कोणत्याही संख्येपासून निघालें तरी सात पायऱ्यांच्या आंत तेथेंच पोंचणार. हा शोध १९४९ सालचा.

येथवरचें काम बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही साधेल. परंतु तीन अंकीं तसेंच ४९५ येतें, दोन अंकीं मात्र एकही संख्या स्थिर राहत नाहीं, ९, ८१, ६३, २७, ४५ असा फेरा सुरू राहतो, आणि पांच अंकींही स्थिर संख्या नाहीं; हें असें कां? या ‘कां’ पाशीं हिशेब संपतो व गणित सुरू होतें. चौथ्या वर्षाचा मुख्य विषय हा ‘कां’ आहे. पांचव्या घाताच्या समीकरणास वर्गमूळ-घनमूळांच्या जातीचें सर्वसामान्य सूत्र अजून सांपडलें नाहीं असें नव्हे, तें असूंच शकत नाहीं. आणि हें ‘असूं शकत नाहीं’ कसें सिद्ध करावें, तें विद्यार्थी गाल्वाच्या सिद्धान्तांत शिकतो. हा गाल्वा १८३२ मध्यें अवघ्या विसाव्या वर्षीं द्वंद्वयुद्धांत मेला.

आम्ही वकिलीचें शिक्षण घेतलेलीं माणसें. कोर्टांत दोन भरंवशाचे साक्षीदार मिळाले कीं दावा बहुधा उभा राहतो. गणिताच्या कोर्टांत लक्ष साक्षीदारही पुरत नाहींत. सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी अशा चौकोनांत उभे करावयाचे, कीं प्रत्येक उभ्या-आडव्या ओळींत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदांच यावा. हें अशक्य, असें ऑयलरनें १७८२ मध्यें म्हटलें, व सहाप्रमाणें दहा, चौदा, अठरा इत्यादिकांसही तोच निकाल लावला. १९०० मध्यें टॅरीनें सहाची गोष्ट खरी ठरविली. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द, त्यावर पुरावाही मिळालेला! तरी १९५९ मध्यें बोस, शरच्चंद्र श्रीखंडे व पार्कर या तिघांनीं तो उलथून टाकला. दोन व सहा खेरीज अशा सर्व संख्यांना तसा चौकोन मांडतां येतो, असें निघालें. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सनें पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढें मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. थोरांचा शब्द हा पुरावा नव्हे, हें ज्या तरुणास एकदां अंगीं मुरलें, तो पुढें बँकेंत गेला, संगणकाच्या धंद्यांत गेला किंवा बापाच्या पेढीवर बसला, तरी कोणाचा आंकडा डोळे मिटून घेणार नाहीं.

कापरेकरांना बी. एस्सी.पुढील शिक्षण लाभलें नाहीं. फर्ग्युसनमध्यें असतां १९२७ मध्यें रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनीं मिळविलें, १९२९ मध्यें पदवी घेतली, व १९३० पासून १९६२ पर्यंत ते शाळेंत शिकवीत राहिले. ज्या परांजप्यांच्या नांवाचें तें पारितोषिक, ते १८९९ मध्यें केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्यें सीनियर रँग्लर ठरले होते. बुद्धि दोघांचीही होती. पण एकाला जाणत्यांची संगत मिळाली, दुसऱ्याच्या कामाकडे आपल्याच देशांतील पुष्कळ पंडितांनीं करमणूक म्हणून पाहिलें.

मुलींच्या बाबतींत तर चौथ्या वर्षाचा प्रश्न पुष्कळदां कॉलेजांत न सुटतां स्थळें पाहणाऱ्यांच्या बैठकींत सुटतो. मंगला नारळीकर १९६४ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या एम. ए.ला गणितांत सुवर्णपदक घेऊन उत्तीर्ण झाल्या. पुढें संसार व तीन मुली सांभाळून पीएच. डी. मिळाली ती १९८१ मध्यें. त्यांच्या चिकाटीचें कौतुक सर्वांनीं केलें, पण मुलीच्या वाट्याला एवढी वाट पाहणें कां यावें, हें विचारणारे थोडे! मुलाला जें वर्ष देण्यास बाप राजी, तें मुलीला नाकारण्यास आम्हांस तरी एकही कारण दिसत नाहीं.

आतां महाविद्यालयांकडे वळूं. सिद्धता पाठ करून उतरविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तिका, त्यांतील दहा प्रमेयें, व परीक्षेच्या आदल्या रात्रींचें घोकणें! चौथें वर्षही असेंच गेलें, तर बापाचा आक्षेप खरा ठरेल व आम्ही त्याच्याच बाजूनें उभे राहूं. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं पालकांनीं विभागांत जाऊन विचारावें, कीं पूर्ण वेळेचे शिक्षक किती व घड्याळी तासांवर आणलेले किती. पूर्वीं न पाहिलेला प्रश्न परीक्षेंत येतो काय. प्रकल्प कोण तपासतो. विद्यार्थी आठवड्यांतून एकदां तरी फळ्यापाशीं उभा राहून इतरांपुढें सिद्धता मांडतो काय. उत्तरें गुळमुळीत आलीं, तर दुसरें महाविद्यालय पाहावें. आणि बाजारपेठेंतील ज्या मंडळींचा हात उत्सवाच्या वर्गणींत सढळ असतो, त्यांनीं गांवच्या महाविद्यालयांतील एका होतकरू पण गरीब विद्यार्थ्याची चौथ्या वर्षाची फी व खाणावळ यंदा उचलावी. प्राचार्यांकडे चौकशी केल्यास नांव सहज मिळेल.