वाघ बघून झाला? आता परकोटातलं चंद्रपूर बघू!

इअरफोन लावून ऐकत असाल किंवा बसमध्ये बसून हा मजकूर वाचत असाल, आज मी तुम्हाला माझ्या गावात फिरवणार आहे.

मागच्या हिवाळ्यात पुण्याची मैत्रीण ताडोब्याला आली होती. सफारी झाली, वाघ दिसला, आणि ती म्हणाली, "संध्याकाळची गाडी आहे, तोपर्यंत काय करू? चंद्रपुरात बघण्यासारखं काय आहे?" मला राग आला. मग आठवलं, लहानपणी आम्हीच कोळशाने परकोटाच्या भिंतीवर स्टंप काढून क्रिकेट खेळायचो. आम्हाला तरी कुठे माहीत होतं, ती भिंत काय आहे ते!

चीनमधल्या पिंगयाओ गावाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. जुनी तटबंदी, आत नांदतं गाव. ती भिंत साधारण ६ किलोमीटरची, १९९७पासून जागतिक वारसा यादीत. आपल्या चंद्रपूरचा परकोट दहा-अकरा किलोमीटरचा आहे, आणि आतमध्ये आजही लोक राहतात, भाजी घेतात, हॉर्न वाजवतात.

परंपरा सांगते की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात इथे राजधानी वसवायला घेतली. भिंत पुढच्या पिढ्यांनी पूर्ण केली. तिला चार दरवाजे : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे घराची नव्हे, तर तटातला छोटा दरवाजा. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. मसण खिडकी कशासाठी असेल, ते नावावरूनच कळतं.

दरवाज्याखाली उभे राहिलात की मोबाईल खिशात ठेवा आणि वर बघा. हत्तीवर झेप घेतलेला सिंह दगडात कोरलेला दिसेल. ती गोंड राजांची खूण.

भिंत फक्त शत्रूसाठी नव्हती. एका बाजूला इरई, दुसऱ्या बाजूला झरपट. आजही मोठा पूर आला की पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो. जुन्या लोकांनी गाव कुठे थांबवायचं, हे ओळखलं होतं.

मैत्रिणीला मी सगळ्यात आधी अंचलेश्वर दरवाज्याबाहेर नेलं. तिथे मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. मोठी समाधी राजा बीरशहाची. ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईने बांधून घेतली. ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, इथे बायकोने नवऱ्यासाठी! महाकालीचं मंदिरही तिनेच उभारलं. चैत्रातल्या जत्रेला नांदेड-परभणीकडून माणसं येतात, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

मैत्रीण समाधीपाशी बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नाही." खरं सांगू, तो टोमणा मलाच लागला.

कारण भिंत आपोआप टिकत नाही. बुरुजांवर झाडं उगवतात, मुळं दगड फोडतात, पायथ्याशी कचरा साचतो. २०१७मध्ये इथल्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी पहाटे उठून बुरुज साफ करायला घेतले, म्हणून निम्मं तरी दिसायला लागलं. बाकीचं आपल्यावर आहे.

आणखी एक दिवस असेल तर? बल्लारपूरचा किल्ला वर्धा नदीच्या काठावर, जवळच आहे. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी. आणि मूलमार्गे गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ मार्कंडा : वैनगंगेच्या काठावरचा, कोरीव दगडी मंदिरांचा समूह. तिथे नदी उत्तरेकडे वळते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. मे महिन्यात नका येऊ, पारा ४५च्या वर जातो, मग मला शिव्या द्याल! सकाळी लवकर निघा, जटपुऱ्याची गर्दी वाढण्याआधी. आणि भिंतीवर नाव लिहू नका. आमचे स्टंप पुरे झाले.

भेटू पुढच्या भागात!