विश्लेषण : लॅमिनेशनच्या रोलरमध्ये हात का जातो?

चाकणमधल्या वाहन कारखान्यांत यंत्राशेजारी एक पाटी हमखास दिसते : ‘चालत्या यंत्रात हात घालू नका’. अशा पाट्या भोसरी, चिखली, तळवडे, निगडी अशा भागांतल्या छोट्या गाळ्यांत छापल्या जातात. भिंतीवर लागण्याआधी त्यांना दोन फिरत्या रोलरमधून जावे लागते. अनेक ठिकाणी त्या रोलरपुढचे ॲक्रिलिकचे झाकण मात्र स्क्रू काढून कोपऱ्यात उभे केलेले असते. कारण विचारले, तर ‘शीट सरळ लावता येत नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते. शीट सरळ का जात नाही, या प्रश्नातच या यंत्राच्या सुरक्षिततेचा बराचसा भाग दडलेला आहे.

या पट्ट्यात रोल लॅमिनेटर कशासाठी लागतो?

कारखान्यात साधा कागद टिकत नाही. कूलंट, ग्रीस, तेलकट हात आणि पावसाळ्यातली ओल यांपुढे कामाच्या सूचनांचे तक्ते, कानबान कार्ड, गेटपास, यंत्रावरची धोक्याची स्टिकर पंधरा दिवसांत ओळखू येईनाशी होतात. म्हणून त्यांच्यावर पारदर्शक फिल्म चढवली जाते. ग्राहक कंपनीचे ऑडिट जवळ आले की ही मागणी एकदम वाढते. ‘उद्या सकाळी ऑडिट आहे, रात्रीतून द्या’ हा निरोप या धंद्यात नवा नाही.

यंत्रे ढोबळमानाने दोन प्रकारची. फ्लेक्स आणि व्हिनाइलच्या दुकानात असते ते कोल्ड लॅमिनेटर. त्याच्या फिल्मला मुळातच गोंद असतो, रोलर फक्त दाब देतात. कागदी तक्ते, पुठ्ठा, पुस्तकांची मुखपृष्ठे यांसाठी हॉट किंवा थर्मल लॅमिनेटर लागतो. त्यात साधारण ९० ते १२० अंश सेल्सिअसला तापलेला रोलर फिल्मवरचा गोंदाचा थर वितळवतो. पहिल्या यंत्रात हात चिरडण्याचा धोका आहे, दुसऱ्यात चिरडण्याबरोबर भाजण्याचाही.

धोका नेमका कुठे आहे?

दोन रोलर एकमेकांकडे, आतल्या दिशेने फिरतात. ते जिथे मिळतात त्या रेषेला ‘निप’ म्हणतात. उसाच्या चरकातही हीच रचना असते. चरकाचा आवाज आणि वेग पाहून माणूस आपोआप लांब राहतो. लॅमिनेटर शांत आणि संथ असतो, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही.

हा संथपणा फसवा कसा, ते साध्या गणिताने कळते. मिनिटाला ५ मीटर या वेगाने रोलर सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर ओढतो. बोटाचे टोक अडकले हे जाणवून दुसऱ्या हाताने लाल बटण शोधून दाबायला एक सेकंद लागला, असे धरू. तेवढ्यात तर्जनी जवळपास पूर्ण आत गेलेली असते. सव्वादोन सेकंदांत रोलर मनगटापर्यंत पोहोचतो. मुखपृष्ठे लॅमिनेट करणारी मोठी यंत्रे मिनिटाला २० मीटर चालत असतील, तर हेच अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापले जाते. तिथे बटण दाबण्याची संधी जवळपास नसतेच.

रोलर सिलिकॉन किंवा रबराचा, म्हणून मऊ, असाही एक समज आहे. हा मऊपणाच त्वचेला घट्ट धरतो. हात मागे ओढला की त्वचा रोलरकडे राहते आणि आतला भाग बाहेर येतो. अशा जखमा हाड मोडण्यापेक्षाही कठीण ठरू शकतात.

मग हात जातो कधी?

काम सुरळीत चालू असताना सहसा नाही. हात जातो तो नवी फिल्म ओवताना, सुरकुती पडली म्हणून शीट ओढताना, फिल्म रोलरभोवती गुंडाळली गेली म्हणून ती सोडवताना आणि रोलर पुसताना. या चारही वेळी कारागिराचे लक्ष मालावर असते. वाया जाणारे व्हिनाइल डोळ्यांसमोर दिसत असते आणि हात आपोआप पुढे जातो.

म्हणजे सुरकुती हा फक्त दर्जाचा प्रश्न नाही. प्रत्येक सुरकुती हाताला निपकडे बोलावते. यंत्राची मांडणी नीट असेल तर सुरकुती कमी पडते आणि हात पुढे न्यायची वेळच कमी येते. कारागिराला दहा वेळा ‘जपून’ म्हणण्यापेक्षा एकदा रोलर समांतर करणे जास्त उपयोगी पडते.

मांडणी करताना काय पाहायचे?

सुरुवात जमिनीपासून. गाळ्यातली फरशी क्वचितच एका पातळीत असते. चारपैकी एक पाय अधांतरी राहिला की यंत्राची चौकट किंचित पिळते, रोलर समांतर राहत नाहीत आणि फिल्म एका बाजूला पळते. लेव्हल बॉटल चौकटीवर आडवी आणि उभी ठेवून पाय जुळवायला अर्धा तास पुरतो. यंत्राच्या पुढे आणि मागे माणूस मोकळेपणाने उभा राहील एवढी जागा हवी. मागे भिंत असेल, तर बाहेर येणारी शीट धरायला दुसरा माणूस बाजूने वाकतो, आणि ते वाकणे नेमके रोलरच्या टोकाशी होते.

हॉट यंत्राचा हीटर बराच करंट घेतो. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एक्स्टेंशन बोर्डवर हे यंत्र चालवणे म्हणजे वायर तापवणे. फिल्म उलगडताना स्थिर वीज तयार होते, त्यामुळे थिनर आणि सॉल्व्हंटचे उघडे डबे यंत्राजवळ नकोत.

दाब दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे तपासायला मीटर लागत नाही. प्लग काढून एकाच कागदाच्या तीन पट्ट्या डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे ठेवायच्या, वरचा रोलर खाली आणायचा आणि पट्ट्या एकेक करून ओढून पाहायच्या. तिन्हींना सारखाच जोर लागला पाहिजे. एक पट्टी सहज निसटली, तर त्या बाजूचे चाक फिरवून दाब जुळवायचा. सनबोर्डवर काम करून झाल्यावर पुन्हा पातळ कागद घेताना ही तपासणी विसरली जाते.

यानंतरची तपासणी लाल बटणाची. यंत्र रिकामे चालवून ते रोज दाबून बघायचे. पुढचे आणि मागचे, दोन्ही. रोलरपुढे प्रकाशाचा सेन्सर असेल, तर त्यासमोर जाड पुठ्ठा धरून यंत्र थांबते का ते पाहायचे. सेन्सरवर चिकटपट्टी लावून काम ‘सोपे’ केले असेल, तर ते इथेच उघड होते.

फिल्म ओवायची कशी?

यंत्र बंद, वरचा रोलर उचललेला. कोअर शाफ्टवर घट्ट बसवून रोल बरोबर मध्यावर आणायचा. दोन फिल्म असतील तर त्यांच्या कडा एकावर एक जुळायला हव्यात. गोंदाची बाजू रोलरला लागता कामा नये. ती उलटी बसली, तर फिल्म पहिल्याच फेऱ्यात रोलरला चिकटते आणि ती खरवडायचे काम मागे लागते. मॅट आणि ग्लॉसी फिल्ममध्ये डोळ्यांचा अंदाज चुकतो, त्यामुळे छोटा तुकडा कापून तपासलेला बरा. कोल्ड फिल्मचा मागचा कागद सोलून वरच्या रिकाम्या शाफ्टवर सरळ गुंडाळला गेला पाहिजे. तो तिरका गेला की फिल्मही तिरकी ओढली जाते.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू : यंत्राच्या रुंदीएवढा जाड, ताठ पुठ्ठा. फिल्मचे टोक त्याला चिकटवायचे, पुठ्ठा निपमध्ये टेकवायचा आणि अगदी कमी वेगावर रोलरला तो ओढू द्यायचा. बोटे पुठ्ठ्याच्या मागच्या कडेवर राहतात, रोलरपासून हातभर लांब. हा पुठ्ठा फुकट मिळतो. तरीही कित्येक ठिकाणी फिल्म बोटांनीच आत सरकवली जाते.

ब्रेकचा ताण सुरकुती जाईल एवढाच ठेवायचा. जास्त ताणला तर फिल्म लांबते आणि थंड झाल्यावर शीट वळते. हॉट यंत्रात शीटवर पांढुरकी चंदेरी झाक दिसली, तर तापमान कमी किंवा वेग जास्त आहे. फोड किंवा लाटा आल्या, तर उष्णता जास्त किंवा कागद दमट. जुलै-ऑगस्टमध्ये दमट कागदातल्या पाण्याची वाफ होऊन फोड येतात आणि दोष उगाच फिल्मला दिला जातो. सॉल्व्हंट शाईची छपाई साधारण २४ तास वाळू द्यावी लागते. ‘रात्रीतून द्या’ या निरोपाचा पहिला बळी हा नियम ठरतो. ओल्या शाईवर बुडबुडे येतात आणि ते दाबायला पुन्हा हात पुढे जातो.

हातमोजे घातले तर?

इथे नेहमीचा सल्ला उलटा पडतो. फिरत्या रोलरसमोर सुती किंवा सैल हातमोजे धोकादायक असतात. मोज्याचे टोक आधी सापडते आणि हात त्यामागे जातो. ओढणी, गळ्यातले ओळखपत्र, मनगटातला धागा, अंगठी, सैल बाही यांनाही हेच लागू. ओळखपत्राची दोरी झटक्यात सुटणारी असली तरी यंत्रासमोर ती काढूनच ठेवावी.

पायाच्या पेडलबाबत कारागिरांमध्ये दोन मते आहेत. पेडलमुळे दोन्ही हात शीट धरायला मोकळे राहतात, ही सोय खरी. पण मोकळे हात निपच्या जवळ असतात आणि पाय चुकून पडू शकतो. पेडल वापरायचेच असेल तर त्यावर झाकण हवे, आणि पाय उचलताच यंत्र थांबले पाहिजे. दोन माणसे काम करत असतील तर यंत्र कोण सुरू करणार हे आधी ठरलेले असावे. मागच्या माणसाचे ‘थांब’ कंप्रेसरच्या आवाजात ‘चाल’ असेही ऐकू येऊ शकते.

रोलर पुसताना प्लग काढून तो पुसणाऱ्याने स्वतःच्या नजरेसमोर ठेवायचा. मोठ्या कारखान्यातल्या कुलूप-टॅगच्या पद्धतीची ही गाळ्यातली आवृत्ती. हॉट रोलर थंड होऊ द्यायचा, मऊ कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचा आणि तो हाताने फिरवायचा. ब्लेड वापरले तर सिलिकॉनवर चर पडतो आणि तो चर पुढच्या प्रत्येक शीटवर उमटतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रात मोटर बंद झाली तरी रोलरचा दाब कायम असतो, हेही लक्षात हवे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी रुळलेली आहे. बुधवारी संध्याकाळी रोलर उचलून ठेवले, तर रबरावर सपाट चट्टा पडत नाही आणि शुक्रवारची पहिली शीट सुरकुतत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम आवरण आवश्यक होते आणि यंत्र चालू असताना ते जागेवर असणे बंधनकारक होते. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या व्याख्येत विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असतील तर तो ‘कारखाना’, आणि आस्थापना म्हणून साधारणपणे किमान १० कामगार लागतात. तीन-चार जणांचा फ्लेक्सचा गाळा दोन्हींत बसत नाही. तिथे निरीक्षक येण्याची शक्यता कमी आणि ईएसआयचे कार्ड असण्याचीही कमी.

वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात बोटे गमावणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यांत पॉवर प्रेसचा उल्लेख सतत येतो. लॅमिनेटर त्या चर्चेत नाही, कारण तो पुरवठा साखळीत सुटे भाग बनवत नाही, फक्त त्या साखळीच्या पाट्या बनवतो. पाट्यांची ऑर्डर देणाऱ्या कंपनीने दर आणि मुदतीसोबत ‘यंत्राला झाकण आहे का’ एवढे विचारले, तरी गाळ्यातले चित्र बदलू शकते. ऑडिटच्या तक्त्यात एक ओळ वाढवायला खर्च येत नाही.

ईएसआय कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अवयवांचा हिशेब टक्क्यांत मांडलेला होता. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचे ३० टक्के नुकसान, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. शीट धरायची आणि फिल्म सोलायची ती याच दोन बोटांच्या चिमटीत.

हात अडकलाच तर काय करायचे?

ओढायचा नाही. आधी लाल बटण, मग वरचा रोलर उचलून दाब सोडायचा. रोलर कसा उचलायचा हे गाळ्यातल्या प्रत्येकाला, मदतनीस पोरालासुद्धा, आधीच माहीत हवे. अपघाताच्या वेळी ते शिकवता येत नाही. घाईने रिव्हर्स दिला तर सापडलेला हात पुन्हा त्याच दाबातून जातो. भाजले असेल तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचे, बर्फ किंवा टूथपेस्ट लावायची नाही. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोटाला थेट बर्फ लागू द्यायचा नाही. जखमेवर स्वच्छ कापडाने दाब देऊन हात उंच ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. फोनवर ‘रोलरमध्ये हात चिरडला’ असे स्पष्ट सांगायचे. बाहेरून जखम किरकोळ दिसली तरी आत सूज वाढून बोटांचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून पट्टी बांधून पुन्हा कामाला लागायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचे.